एकच जागा

ॲनिशाने चिंबोरीच्या कवचाखाली अंगठा घातला आणि एका झटक्यात पाठ वेगळी केली. मागल्या दारी नळाजवळ धुण्याचा दगड होता, त्याच्यावर तिने सगळ्या चिंबोऱ्या ओळीने मांडल्या होत्या. नांग्या आधीच मोडून परातीत टाकलेल्या. आता आतली घाण काढायची, धुवायचं, की झालं. पण ती त्या उघड्या चिंबोरीवर वाकून बसली ती बसलीच.

"अगं, कालवण करायचंय त्याचं," बर्था पायरीवर बसून नातीला भात भरवत होती, ती तिथूनच म्हणाली. "आत काय बघत बसलीस एवढं? हरवलंय का काही तुझं?"

"हरवलं नाही मम्मी, सापडलंय," ॲनिशा म्हणाली. "जेन्सन, इकडे ये जरा."

जेन्सन दारात उभा होता. एका हातात चहाचा कप, दुसरा हात खिशातल्या फोनवर. एरवी हा फोन घरभर कुठेही पडलेला असायचा, कधी ताटाशेजारी, कधी एस्थरच्या खेळण्यांत. पण बुधवारपासून तो जेन्सनच्या खिशातून हलला नव्हता. अंघोळीला जाताना सुद्धा तो फोन घेऊन जायचा. घरात हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असं त्याला वाटत होतं.

"बस ना," ॲनिशाने दगडापाशी जागा केली. तिच्या हातात शिवणाची सुई होती. "हे पोट. त्याच्यावरून ही नळी जाते बघ. तिच्या आत. दिसली?"

"दिसली."

"काय दिसली? बोट ठेवून दाखव."

जेन्सनने कप खाली ठेवला आणि अंदाजाने बोट टेकवलं. ते भलत्याच ठिकाणी पडलं. वर जरा जोरात पडलं, त्यामुळे तिथलं सगळंच चेचलं गेलं. बर्था खदखदून हसली, आणि आजी हसली म्हणून एस्थरही तोंडातल्या भातासकट हसली.

"डॉक्टर झाला म्हणे चिंबोरीत!" बर्था म्हणाली.

ॲनिशा हसली नाही. तिने दुसरी चिंबोरी पुढे ओढली.

"परत बघ. शिकून घे."

"आता कशाला?"

"उपयोगी पडेल."

"कुठं?" जेन्सनने विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्याचा हात खिशातल्या फोनवर गेला.

ॲनिशाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, प्रेमाने नाही, नुसतंच पाहिलं.

"कुठं म्हणजे?" बर्थाने मध्येच तोंड घातलं. "पुढच्या वेळी चिंबोऱ्या तू साफ करायच्या! सुनेनेच का म्हणून?"

मग जेन्सन हसला. जरा उशिराच हसला.

आता ही सगळी भानगड काय, ते सांगायला हवं. चिंबोरीच्या पोटावर मज्जापेशींची एक गाठ असते, उघड्या डोळ्यांना दिसते न दिसते एवढी. तीसेक पेशी, बस्स. चिंबोरीच्या पोटात दात असतात, आणि ते कोणत्या तालाने चावायचे ते ही गाठ ठरवते. गंमत अशी की गाठ अलगद काढून थंड खाऱ्या पाण्यात ठेवली, तर चिंबोरी गेली तरी ती आपला ताल सोडत नाही, तासन्‌तास तशीच चालू राहते. पाणी तापवत नेलं की मात्र कधीतरी ताल बिघडतो. तो कधी आणि कसा बिघडतो, यावर ह्या नवराबायकोने पीएच.डी. केली होती. ॲनिशा गाठ काढायची आणि केसाहून बारीक तारांनी तिचे ठोके टिपायची. जेन्सन त्या ठोक्यांचं गणित मांडून संगणकात तशीच एक गाठ उभी करायचा. बर्थाने निवृत्त होईपर्यंत गावच्या शाळेत चौथीला शिकवलं होतं, त्यामुळे शिक्षणाचं तिला भारी कौतुक. "एका चिंबोरीवर दोन डॉक्टर," ती शेजारणींना सांगायची, "आणि पोरीला ताप आला की रिक्षा करून तिसऱ्याकडे जायचं!"

एस्थर झाली आणि ॲनिशाची प्रयोगशाळा सुटली. आता ती बोळिंजला एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायची. जेन्सन मुंबईत एका संस्थेत कंत्राटावर होता आणि ते कंत्राटही संपत आलं होतं. पोस्टडॉकच्या जागा शोधायचं काम रोज चालायचं. पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी. झाल्यावर आणखी काही वर्षं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काढायची. ते केल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. बर्थाला हे काही केल्या पटत नव्हतं. "डॉक्टर झालात तरी अजून शिकायचंच?" आणि त्यातही एक मेख होती. पीएच.डी. होऊन चार वर्षं उलटली की अशा बहुतेक जागांना अर्जच करता येत नाही. ॲनिशाचं हे शेवटचं वर्ष होतं. जेन्सनची पीएच.डी. उशिरा झाली, म्हणून त्याच्या हातात अजून एक वर्ष होतं.

जर्मनीतली जाहिरात दोघांनी एकत्रच वाचली. संगणकीय आणि प्रायोगिक मज्जाविज्ञान, आणि तेही खेकड्यांच्या ह्याच गाठीवर. जणू दोघांना समोर बसवूनच लिहिली असावी! पण जागा एकच. दोघांनी अर्ज करायचा, ज्याचं होईल त्याचं होईल, दुसऱ्याने मागून जायचं आणि तिथे जाऊन आपलं बघायचं, असं ठरलं. ठरवताना दोघंही खूश होते.

मुलाखत जेन्सनची आधी होती, ॲनिशाची पुढच्या आठवड्यात. त्या दिवशी तिने आवाज नको म्हणून पंखा बंद केला, खिडकी लावली, एस्थरला आजीबरोबर शेजारी पाठवलं आणि संगणकापुढे बसलेल्या जेन्सनची कॉलर सारखी केली. "ही आकृती आधी दाखव," ती म्हणाली, "तिकडच्या प्रोफेसरबाई तिथेच अडवून विचारतील." मग बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

बाईंनी खरंच तिथेच अडवलं. पाणी तापवताना ही गाठ आता बिघडणार, हे तुम्हाला आधी कशावरून कळायचं, असं त्यांनी विचारलं. जेन्सनला ते सांगता येईना. कारण ते त्याला कधी कळलंच नव्हतं. ॲनिशा ठोके स्पीकरवर लावून ऐकत बसायची आणि एकदम म्हणायची, "आता थांब, आता जाणार." आणि ताल जायचा. ती काय ऐकते, हे तो तिला विचारणार होता, पण ते राहूनच गेलं.

"ते ॲनिशा जास्त चांगलं सांगेल," तो म्हणाला.

प्रोफेसरबाई हसल्या. चांगल्या मनाने हसल्या. "मग आम्ही आधी तिच्याशीच बोलायला हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि अगदी घरच्यासारखं विचारलं, "हे बघा, आमच्याकडे जागा एकच आहे. तुम्ही दोघांनी अर्ज केलाय, मुलगी लहान आहे. ॲनिशाचा विचार काय आहे?"

"ती सध्या थांबायचं म्हणतेय," जेन्सन म्हणाला.

हे वाक्य आलं कुठून, त्याचं त्याला कळलं नाही. त्याने ते ठरवलं नव्हतं. पंखा बंद असल्यामुळे घामाने सदरा पाठीला चिकटला होता आणि कानात बाईंचं ते हसणं होतं. पण वाक्य आलं, आणि आलं ते सरळ जर्मनीला जाऊन पोचलं. बाईंनी मान हलवली, समजू शकते म्हणाल्या, काहीतरी लिहून घेतलं. जेन्सनला तेव्हाही दुरुस्त करता आलं असतं. त्याने पुढची आकृती दाखवली.

"कसं झालं?" बाहेर आल्याबरोबर ॲनिशाने विचारलं. तिच्या हातात वाळलेले कपडे होते.

"बरं झालं."

"तापवण्याचं विचारलं ना?"

"विचारलं."

"मग?"

"सांगितलं मी."

तिला इतका आनंद झाला की कपडे तिथेच टाकून तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्याला अजून जाणवायची.

ॲनिशाच्या मुलाखतीचा दिवस आला आणि गेला. तिकडून ना निरोप, ना फोन. रोज सकाळी ती विचारायची, "तुला काही आलं?" तो म्हणायचा, "नाही." तेव्हा ते खरं होतं. मग ॲनिशाने बाईंना आठवण करून देणारा एक छोटा मेल लिहिला आणि पाठवण्याआधी जेन्सनला दाखवला. त्याने तो वाचला, एका जागी स्वल्पविराम टाकायला सांगितला आणि म्हणाला, छान झालाय. त्या क्षणी आपण किती खाली उतरलो आहोत, हे त्याला पुरतं कळलं. तरी तो गप्प बसला.

बुधवारी जेन्सनला उत्तर आलं. अभिनंदन, जागा तुमची, आठवडाभरात होकार कळवा. त्याने ते बाथरूममध्ये, नळ सोडून, उभ्याने वाचलं. आनंद झाला नाही असं कसं म्हणावं? झाला. एक मिनिटभर झाला, आणि मग त्याला नळ बंद करायचंही सुचेना. त्याने मनाशी असं ठरवलं की आधी ॲनिशाला तिचा नकार येऊ द्यावा. मग आपली बातमी सांगावी. म्हणजे सगळं ओळीने झाल्यासारखं दिसेल. गुरुवारी सकाळी तिने विचारलं, "तुला काही आलं?" आणि तो म्हणाला, "नाही."

शनिवारी सकाळी मात्र तिने विचारलंच नाही. जेन्सनचा जीव भांड्यात पडला. ती का विचारत नाही, ह्याचा विचार त्याने केला नाही.

दुपारी कालवण झालं. चिंबोऱ्या भरलेल्या निघाल्या होत्या, रस्सा लालभडक. ॲनिशाने सवयीप्रमाणे मोठ्या नांग्या फोडल्या, आतलं मांस काढून थोडं एस्थरच्या ताटात ठेवलं, थोडं सासूच्या, आणि एक आख्खी नांगी जेन्सनच्या.

"मला नको एवढं," जेन्सन म्हणाला.

"खा."

"आज कशाच्या आनंदात चिंबोऱ्या गो?" बर्थाने बोटं चाटत विचारलं. "काय भाव झालेत, सोन्यासारखे."

"चर्चच्या ऑफिसात गेले होते. बाहेरच कोळीण बसली होती, ताज्या दिसल्या, घेतल्या."

"ऑफिसात काय काम काढलंस?"

"मिस्सा सांगायची होती. उद्याची."

"तुझ्या पप्पांच्या आत्म्यासाठी का? बरं केलंस पोरी, आठवण ठेवलीस." बर्था हळहळली. "माणूस किती साधा होता."

ॲनिशाने ताटातला रस्सा भाताला कालवला. तिच्या माहेरची बोली वेगळी, ती आगाशीकडची. बर्थाशी ती नेहमी शाळेतल्यासारखी नीट मराठी बोलायची, आणि जिथे बोलायचं नसेल तिथे नीट गप्पही बसायची. तिने दुसरी नांगी बत्त्याने फोडली. जेन्सनला ती नांगी नको होती, पण ताटात वाढलेलं टाकून उठायची ह्या घरात पद्धत नव्हती. त्याने ती नांगी संपवली.

संध्याकाळी ॲनिशा ओसरीवर रविवारच्या कपड्यांना इस्त्री करत होती. एस्थर आजीबरोबर केळीत फिरायला गेली होती. बर्थाच्या नवऱ्याने, प्लासिडने, लावलेल्या त्या केळी. तो गेल्यावर बर्था रोज संध्याकाळी एकदा त्यांच्यातून चक्कर मारून यायचीच. घरात दोघंच होती. आता सांगावं, जेन्सनने ठरवलं. सगळं सांगावं, मुलाखतीतलं वाक्यसुद्धा. फार तर काय होईल? ओरडेल. रडेल. माहेरी जाईल. जाऊ दे. पण असं रोज तिच्यासमोर मूग गिळून बसणं नको.

"ॲनिशा, ते जर्मनीचं..."

तिने इस्त्री उभी ठेवली. बटण बंद केलं. दोन्ही हात टेबलावर टेकवून ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"बोल."

अशी ती कधी उभी राहायची नाही. हातातलं काम चालू ठेवूनच ती बोलायची. जेन्सनने तिच्या हातांकडे पाहिलं. बोटांना अजून चिंबोरीचा वास असणार, कितीही साबण लावला तरी तो दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही. ह्या हातांनी काढलेल्या गाठी, ह्या हातांनी टिपलेले ठोके. सांग, सांग की लेका, तो मनात म्हणाला.

"काही नाही," तो म्हणाला. "त्यांचं उत्तर यायला उशीरच होतोय, एवढंच."

ॲनिशा तशीच उभी होती. मग तिने बटण परत चालू केलं.

"हो? येईल की," ती म्हणाली. त्याचा पांढरा सदरा तिने उलटा करून टेबलावर पसरला. "उद्या हा घाल. चुरगळलेला घालून येऊ नकोस, लोक बघतात."

रविवारच्या मिस्सेला, म्हणजे सामूहिक उपासनेला, चर्च भरलं होतं. तुस्कानोंचं घर नेहमी डावीकडच्या मधल्या बाकावर बसायचं. आत बर्था, मग मांडीवर एस्थरला घेऊन ॲनिशा, आणि कडेला जेन्सन. मागच्या बाकावर वॉल्टर अंकल, बँकेतून निवृत्त झालेले, गावात कोण कुठे नोकरीला लागलं ह्याची खबर ठेवणारे. ॲनिशाने लग्नातली मोतिया साडी नेसली होती. बाप रे, पप्पांच्या मिस्सेला एवढी भारी साडी, असं जेन्सनच्या मनात येऊन गेलं.

मिस्सा सुरू व्हायच्या आधी चर्चमधला वाचक ऑस्कर हेतू, म्हणजे आजची मिस्सा कुणाकुणासाठी आणि कशासाठी ते, वाचायला उभा राहिला. त्याने माइक टिचकी मारून बघितला.

"आजच्या मिस्सेचे हेतू," तो म्हणाला, आणि गेलेल्या माणसांची नावं वाचू लागला. जेन्सन ॲनिशाच्या वडिलांच्या नावाची वाट बघत होता. ते आलं नाही.

"आभाराची मिस्सा," ऑस्कर पुढे म्हणाला. "आपल्या गावचे जेन्सन प्लासिड तुस्कानो यांची जर्मनीमध्ये मज्जा... मज्जाविज्ञानाच्या संशोधनासाठी निवड झाल्याबद्दल. तसंच ॲनिशा तुस्कानो हिला आपलं काम पुढे नेता यावं, म्हणून. मिस्सा सांगणार, ॲनिशा."

चर्चभर कुजबुज झाली. पुढच्या बाकांवरची डोकी वळली, हसरी तोंडं दिसली. मागून वॉल्टर अंकलनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून दाबला. बर्थाने सुनेच्या मागून हात घालून त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"मेल्या, आईला सांगायचं नाही?" ती कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा असते तर..."

जेन्सनची पाचावर धारण बसली होती. त्याने ॲनिशाकडे पाहिलं. ती समोर वेदीकडे बघत होती, आणि एस्थरच्या हातातलं गीतांचं पुस्तक सरळ करून देत होती. तिला माहीत होतं. कधीपासून? काल ओसरीवर ती हात टेकून उभी राहिली, तेव्हा माहीत होतं. दगडापाशी जागा करून "शिकून घे" म्हणाली, तेव्हाही. ऑफिसात जाऊन मग तिने चिंबोऱ्या घेतल्या होत्या. सगळ्या गावात ही एकच जागा होती, जिथे त्याला "अजून काही आलं नाही" म्हणता येणार नव्हतं. तिने बरोबर तीच शोधली.

सगळे उभे राहिले. अपराध कबूल करायची प्रार्थना सुरू झाली, छातीवर हात मारायची. लहानपणी पहिला कम्युनियन, म्हणजे पवित्र प्रसाद, घेतला तेव्हापासून जेन्सनचा हात त्या शब्दांना आपोआप उठायचा, मन कुठेही असलं तरी. आज हात उठला आणि छातीवर पडला, तेव्हा खिशातला फोन त्याला लागला. शेजारी ॲनिशाचा हातही उठत होता, पडत होता. ती कोणत्या अपराधासाठी मारून घेतेय? 

वाचनं झाली, प्रवचन झालं. त्यातलं एक अक्षर त्याला सांगता आलं नसतं. मग फादरांनी हात पसरून सगळ्यांना एकमेकांना शांती द्यायला सांगितलं. ही वेळ तर टळणारी नव्हती. लोक हात जोडून इकडे वळू लागले, तिकडे वळू लागले. ॲनिशा आधी बर्थाकडे वळली. मग मागे वॉल्टर अंकलकडे. मग पुढच्या बाकावरच्या दोघींकडे. सगळे संपल्यावर ती त्याच्याकडे वळली. तिने हात जोडले, आणि तोंड त्याच्या कानाजवळ आणलं.

"परवा मला बाईंचं उत्तर आलं," ती म्हणाली. "मी थांबायचं म्हणाले नव्हते, असं मी त्यांना लिहिलंय. तेवढंच. तू तसं का म्हणालास, ते मला माहीत नाही. ते तू लिही."

मग ती जरा मागे झाली, आणि सगळ्यांना म्हणाली तसंच त्यालाही म्हणाली, "शांती असो."

जेन्सनचे हात जोडलेलेच राहिले. ॲनिशा समोर वळली होती. कोयरच्या गायकांनी पुढचं गीत धरलं.

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर लोकांनी त्याला गाठलं. कुणी हात मिळवला, कुणी पाठ थोपटली, एक म्हातारी त्याच्या कपाळावर क्रूस काढून गेली. बर्थाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. "चिंबोरीवर, हो, चिंबोरीवरच!" ती भेटेल त्याला सांगत होती. जेन्सन हसत होता, थँक्यू म्हणत होता, आणि प्रत्येक थँक्यूगणिक आणखी खाली जात होता. दोन पावलांवर ॲनिशा एस्थरच्या पायात बूट चढवायला वाकली होती. तिच्याकडे कुणी फारसं बघत नव्हतं.

वॉल्टर अंकल गर्दीतून वाट काढत आले. "नाव काढलंस गावाचं," ते म्हणाले. "प्लासिडच्या पोराने जर्मनी गाठली! कधी जातोस?"

"अजून कळवलेलं नाही त्यांना," जेन्सन म्हणाला.

"अरे कळव, कळव. अशा जागा काय रस्त्यावर पडल्यात?" वॉल्टर अंकलनी चष्मा पुसला. "आणि ॲनिशाचा विचार काय आहे? ती येणार, की पोरीला घेऊन इथेच थांबणार?"

ॲनिशाची बोटं बुटाच्या पट्टीवर होती. ती हलायची थांबली. तिने मान वर केली नाही.

"आता पोर एवढीशी," बर्थाने उत्साहाने सुरुवात केली, "त्यामुळे सध्या ती..."

"मम्मी, थांब," जेन्सन म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्याहून मोठा निघाला, आणि आजूबाजूची दोनचार माणसं वळून बघू लागली. त्याचे कान तापले. "अंकल, ती इथेच आहे. तिलाच विचारा."

वॉल्टर अंकल जरा गोंधळले. मग खाली बघून म्हणाले, "हं, सांग बाई. तुझा काय विचार?"

ॲनिशाने पट्टी लावली, एस्थरला उभं केलं, आणि साडी सारखी करत उठली.